मापांच्या वहीची शेवटची पानं

९ जून

वकिलीणबाई,

फोन करायचा नाही आणि दारात जायचं नाही, असं चौकीत माझ्याकडून लिहून घेतलंय. पत्राबद्दल साहेब काही बोलले नाहीत. विसरले असतील, हल्ली पत्र लिहितंय कोण! म्हणून लिहितोय. फाडायचं तर फाड, पण आधी वाच. बावीस वर्षं माझ्याशी मुद्दे मोजून भांडलीस, म्हणून तर तुला वकिलीणबाई म्हणतो. आता माझेही दोन मुद्दे ऐक.

पहिला. तुझ्या दादानं साहेबांना जे सांगितलं ते निम्मं खोटं आहे. मी त्याला जिन्यावरून ढकललं नाही. कॉलर धरून दाराबाहेर काढलं. दाराबाहेर लगेच जिना आहे हा काय माझा दोष? अकरा पायऱ्या आहेत. कठड्याला हात घातला असता तर चौथ्या पायरीवर थांबला असता, पण तो पहिल्यापासून धांदरट. सगळ्या पायऱ्या मोजत खाली गेला. घोटा मोडला, वाईट झालं. माझंही मनगट सुजलंय, ते कुणी लिहून घेतलं नाही.

दुसरा, तुझा हात. दार लागलं. त्या दाराची खोड तुला माहीत आहे, खिडकी उघडी राहिली की आपटतं. तू चौकटीला धरून दादाच्या नावानं ओरडत होतीस आणि दार लागलं. त्यात ‘त्यांनी आपटलं’ असं सांगायची काय गरज होती? एका दारापायी बायको नवऱ्याला चौकीत उभा करते!

मला राग येतो. तुला हे आज कळलं? आपल्या लग्नाच्या जेवणात मी फोटोवाल्याच्या कानाखाली आवाज काढला होता, तेव्हा तू हसली होतीस. मी दगडखाणीत सुरुंग उडवतो, बाई. दिवसभर डोंगर फोडून आलेल्या माणसानं घरात येऊन पिसं गोळा करायची का?

घरात आता तीन ताटं आहेत. एकटा आहे, एकच लागतं. शाळेचे चाळीस शर्ट कॉलरविना पडलेत, शिपाई दोनदा विचारून गेला. मशीनवर चादर टाकली आहे. तुझ्या मापांच्या वहीला हात लावलेला नाही. तू कुणाला लावू देत नाहीस, मला माहीत आहे.

डॉक्टर सहा आठवडे म्हणाला ना? दादाच्या दीड खोलीत सहा आठवडे काय करणार आहेस? तो लंगडा, तू थोटी. घरी ये.

तुझा नवरा (अजून तरी)

१७ जून

वकिलीणबाई,

दादाच्या अक्षरात तुझी एक ओळ आली. ‘ती विचारते, त्या दिवशी माझं काय चुकलं? एवढंच सांगा.’

मी पानभर लिहिलं आणि तू एक ओळ पाठवलीस. आणि तीही अशी! वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. काय चुकलं म्हणजे काय? वाचून दाखवू का यादी?

बरं, सांगतो. रविवार होता. डोकं ठणकत होतं. शेवटचा शर्ट झाला की तू तीन वाजता मशीन बंद करणार होतीस, आणि मग दुपार आपली. अडीचला तुझा दादा उगवला. आला तर आला, माणसानं पाणी प्यावं आणि चालू लागावं. हा पाऊण तास पंख्याच्या दुरुस्तीची कथा सांगत बसला. मी घड्याळाकडे चार वेळा बघितलं. याच्या लक्षात येईल तर शपथ. तू पुन्हा चहा ठेवलास. तो उठला, तर तूच म्हणालीस, ‘बस रे, घाई काय आहे?’

तिथे माझं डोकं फिरलं. घाई काय आहे! आपलं ठरलं होतं ना. म्हणजे, ठरलं नव्हतं. मी ठरवलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. दार मी लोटलं, बरं. वाऱ्याचं जाऊ दे. पण हात दिसला नाही. दिसला असता तर लोटलं असतं का?

आणखी एक ऐक, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. परवा खाणीत डबे उघडले, माझ्या डब्यात दोन केळी. आमचा ड्रिलवाला म्हणाला, “काय, वहिनींनी स्वयंपाक सोडला की तुला सोडलं?” सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता त्याच्या तोंडावर ठेवून दिली. समोरचा दात पडला. दात मातीत शोधायला चौघं बसले होते, आणि मी उभा राहून केळं खात होतो. मुकादम म्हणाला, “तुझं डोकं एकदा उघडून बघायला पाहिजे, आत काय भरलंय.” मी म्हटलं, “भरलंय तेच, जे तू मला रोज भोकात भरायला देतोस.” पुन्हा सगळे हसले. ड्रिलवाला हसला नाही.

तर बाई, तुझं चुकलं असं काही मोठं नाही. भावाला बसवून घेतलंस, एवढंच. पुढच्या वेळी जरा माझ्या तोंडाकडे बघत जा.

तुझा

२ जुलै

हे पत्र टाकायचं नाही. लिहून झालं की माझ्या खाणीच्या सामानाच्या पेटीत ठेवून देणार आहे.

काल मी क्रशरवाल्याला जवळजवळ मारलं. या वेळी हातानं नाही. आमच्यात तीन भोंगे असतात, तुला पाठ आहेत. पहिला माणसं बाहेर काढायला, दुसरा रस्ता अडवायला, तिसरा झाला की बटण. काल दुसरा दिला आणि माझं लक्ष तुझ्या त्या एका ओळीत अडकलं. माझं काय चुकलं, माझं काय चुकलं. तिसरा दिलाय असं मला वाटलं. दिला नव्हता. मी बटण दाबलं.

क्रशरवाला शेडमधून विडी पेटवत बाहेर येत होता. डोक्याएवढा दगड पत्र्याला भोक पाडून खाली आला आणि त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज इतका साधा असतो, वाळकी काटकी मोडावी तसा. तो ओरडलासुद्धा नाही. तसाच उभा राहून आपला हात कुठे गेला ते बघत होता. हात होता, पण पाठीच्या बाजूला लोंबत होता. धुळीत रक्त मिसळलं की काळं दिसतं. मी त्याला धरायला गेलो तर तो माझ्यापासूनच मागे सरकला. मागे सरकण्याची ती तऱ्हा मी पाहिलेली आहे. तू तशी सरकतेस.

मुकादमानं शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, “भोंगा कुणासाठी असतो रे? तुझ्यासाठी? तुला तर ठाऊकच असतं कधी उडणार ते. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी असतो.” मग माझी बटणाची पेटी काढून घेतली. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं.

मला तपासायलाही पाठवलं. डॉक्टर बाई आहे, आपल्या लेकीहून थोडी मोठी असेल. रक्तदाब बघितला, साखर बघितली, विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? साखरेची सांगितली. “आणखी?” मी शर्टाची बाही खाली ओढली. “काका, हृदयाचा प्रश्न असेल तर काही गोळ्या एकत्र घेतल्या की माणूस जातो. मला खरं सांगा.” जायला मी भीत नाही, पण ‘काका’ म्हणाली म्हणून असेल, सांगून टाकलं.

तुला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. इथे लिहितो, म्हणजे एकदा तरी तुझ्या नावाखाली लिहिलं असं होईल.

दोन वर्षांपूर्वी साखर निघाली, त्यानंतर माझं ते होईना. पहिल्यांदा झालं नाही तेव्हा तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, “असू दे. झोपा.” तू मायेनं म्हणालीस. मला ते कानफटात मारल्यासारखं लागलं. डोंगर फोडणाऱ्या माणसाला बायको म्हणते, असू दे! दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून, जिथे मला कुत्रं ओळखत नाही अशा वस्तीतल्या मेडिकलमध्ये गेलो. तिथल्या म्हाताऱ्यानं चिठ्ठी मागितली नाही. पाकीट कागदात गुंडाळलं आणि हळूच म्हणाला, “तासभर आधी घ्यायची. पोट रिकामं ठेवा, तेलकट तर नकोच. पुढे चार तास असर राहतो. तोंड लाल होईल, घाबरू नका.”

तासभर आधी. हे दोन शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसले. तासभर आधी म्हणजे कधी, ते कसं ओळखायचं? मी तुझ्या मशीनवर नजर ठेवायला लागलो. शेवटची कॉलर लावायला घेतलीस की न्हाणीघरात जाऊन गोळी गिळायचो. त्या दिवशी जेवायचं नाही, ताट बाजूला सारायचं. मग घड्याळ. आणि नेमकं त्याच तासात कुणीतरी बटणं बदलायला यायचं, लेकीचा फोन यायचा, तुझी कंबर धरायची. तू म्हणायचीस, “आज नको हो, फार दमलेय.” साधी गोष्ट. बायका म्हणतात, पुरुषही म्हणतात. पण माझ्या पोटात गोळी गेलेली असायची. वाया चालली, असं वाटायचं. तास माझा, गोळी माझी, मग ही कोण नको म्हणणारी? तुला ना तासाची खबर, ना गोळीची. आणि हाताला लागेल ते मी भिंतीवर मारायचो. मग भिंतीपर्यंत जायचा कंटाळा यायला लागला.

डॉक्टरबाईनं सगळं ऐकलं नाही, मी एवढं सगळं सांगितलंच नाही. गोळी घेतो, एवढंच सांगितलं. तिनं पहिला प्रश्न काय विचारला असेल? “बायकोला माहीत आहे ना?”

मी म्हटलं, “हो.”

“मग छान. वेळ दोघांनी मिळून ठरवा. त्या नको म्हणाल्या तर गोळी डबीत राहू द्या. आणि घेतल्यावर नको म्हणाल्या तरी काही बिघडत नाही, आपोआप उतरते. घड्याळाचा ताण येत असेल तर रोज घ्यायची कमी ताकदीचीही असते, हृदय तपासून बघू. एकट्यानं चोरून घेऊ नका, एवढंच.”

बाहेर येऊन बाकावर बसलो. काही बिघडत नाही, म्हणाली. एवढं सोपं होतं होय?

११ जुलै

वकिलीणबाई,

तुझं पत्र मिळालं. डाव्या हातानं लिहिलेलं. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं, पण मुद्दे तुझेच. मी ते पाचदा वाचलं. शेवटी पाठच झालं:

‘मला कारण सापडलं. ज्या दिवशी तुम्ही जेवत नाही, त्या दिवशी घरात काहीतरी वाईट घडतं. दोन वर्षं लिहून ठेवलंय, एकदाही चुकलेलं नाही. माझ्या हाताची चव गेली असेल. तुम्ही दमून येता आणि ताटात धड काही नसतं, राग येणारच. दादा नको म्हणतोय, पण मी १ ऑगस्टला येते. काय नको, काय हवं, ते आधी सांगत जा. मी तसं करीन. मारू नका.’

आता एवढं तुझ्या लक्षात आलंय तर मी काय जास्त बोलणार? मागचं मी मनात धरत नाही. माणूस आहे, चुकतं. तू ये. घर झाडून ठेवतो. मशीनला तेल घातलंय. तुला हात दुखत असेल तर पहिले काही दिवस भातही चालेल, मी कुरकुर करणार नाही.

खाणीतून थोडी सुट्टी घेतली आहे, त्याची काळजी नको.

आणि एवढं विचारलंयस म्हणून सांगतो. मीठ जरा सांभाळ, म्हणजे झालं.

तुझाच

२४ जुलै

अगं,

१ तारखेला माझ्यासाठी येऊ नकोस. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर शेवटापर्यंत धीर सुटेल आणि मागच्यासारखं काहीतरी गोडगोड लिहून मोकळा होईन.

मागचं पत्र टपालपेटीत टाकून घरी आलो तेव्हा शीळ घालत होतो. खरं सांगतो. शीळ! सुटलो म्हणून. बायको स्वयंपाकाला दोष देते आहे तर देऊ दे की, कुणाचं काय जातंय? दहा-बारा दिवस मी अगदी मजेत होतो.

मंगळवारी शाळेचा शिपाई आला. शर्ट दुसऱ्या शिंपिणीकडे देणार, कॉलरची मापं पाहिजेत म्हणाला. म्हणून मी वही उघडली. मापं दिली. तो गेला. वही मिटताना मागची पानं दिसली.

चार रकाने आखलेत, पट्टीनं. तारीख. जेवले का. माझी चूक. काय गेलं. लोकांची छाती-कंबर लिहितेस त्याच बारीक अक्षरात.

‘१४ नोव्हेंबर. नाही. मीठ कमी. दोन ताटं.’

‘२ डिसेंबर. नाही. भात गार. आरसा.’

‘२१ डिसेंबर. नाही. लेकीशी फोनवर जास्त बोलले. रेडिओ.’

‘९ जानेवारी. नाही. मीठ जास्त. माझा कान.’

‘२८ जानेवारी. नाही. तोंड लाल दिसलं, ताप आहे का विचारलं. विचारायला नको होतं. खुर्ची.’

‘३ मार्च. नाही. मीठच असेल, कळत नाही. ओठ.’

अशा चोवीस ओळी. आणि मधे मधे सात ठिकाणी नुसती तारीख, ‘नाही’, आणि पुढे आडवी रेघ. काही फुटलेलं नाही, काही लिहिलेलं नाही. त्या सात दिवशी काय झालं ते मला माहीत आहे. त्या दिवशी तुझं ‘नको’ मी ऐकूनही ऐकलं नाही. तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस आणि सकाळी उठून कॉलरी लावायला बसलीस. त्याला तुझ्याकडे शब्द नव्हता म्हणून रेघ ओढलीस. माझ्याकडे शब्द आहे. तो चौकीत सांगितला.

हो, चौकीत गेलो होतो. त्याच साहेबांकडे. ते आधी म्हणाले, “आता काय, तक्रार मागे घ्यायला लावलीस की काय?” मी म्हटलं, “नाही, राहिलेली लिहून घ्या.” त्यांनी दोनदा वर बघितलं, मग पेन काढलं. पुढे काय व्हायचं ते होईल.

आता तुझं कारण. तू चुकली नव्हतीस, तू अगदी बरोबर मोजलंस, फक्त एक गोष्ट तुला ठाऊक नव्हती. सोबत एक जुनं पत्र आहे, २ जुलैचं, तेव्हा पाठवलं नव्हतं. ते आधी वाच. वाचलंस? त्यासोबत खाणीच्या पेटीतली आठ रिकामी पाकिटं आहेत, प्रत्येकात चार गोळ्यांची जागा. मागच्या चांदीच्या कागदावर बघ, प्रत्येक खड्ड्याशेजारी बॉलपेननं तारीख आणि वेळ लिहिलेली आहे. सुरुंग पेटवला की वेळ लिहायची, हा आमचा नियम. हाताला इतकी सवय की घरातही लिहीत गेलो. तासाचा हिशोब लागावा म्हणून.

तुझ्या कापड बेतायच्या टेबलावर मी ती पाकिटं मांडली, शेजारी तुझी वही ठेवली. १४ नोव्हेंबर, आठ वाजून दहा मिनिटं. २ डिसेंबर, साडेसात. २१ डिसेंबर, पावणेआठ. एकेक तारीख बोटानं लावत गेलो. एकही सुटली नाही. मी पेटवल्याची वेळ लिहीत होतो आणि तू पडझड लिहीत होतीस, एकाच घरात, दोन वर्षं. आणि तू मात्र प्रत्येक ओळीत स्वतःला धरत होतीस.

वाचता वाचता मी काय केलं सांगू? टेबलाला लाथ घातली. म्हणजे तेव्हाही! पाकिटं खाली पडली, ती गोळा करत गुडघ्यावर रांगलो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. तिथेच बसून रडलो, आणि रडणं थांबल्यावर आधी मनात आलं की गोळीलाच दोष देऊन टाकावा. गोळीनं माथं फिरतं असं लिहावं, तू भोळी आहेस, मानशील. पण ड्रिलवाल्याचा दात पाडला तेव्हा माझ्या पोटात दोन केळी होती. फोटोवाल्याला मारलं तेव्हा मी पंचवीस वर्षांचा, तालमीतला गडी होतो. गोळी बिचारी पोटात गप्प पडून असते. हात माझा आहे.

दाराचं राहिलं. ९ जूनला मी लिहिलं की वाऱ्यानं लागलं. १७ जूनला लिहिलं की हात दिसला नाही. खिडकी बंद होती. आणि हात दिसत होता. तुझी चारही बोटं चौकटीवर होती, मधल्या बोटात शिवतानाचं अंगुस्तान तसंच राहिलं होतं. दादा खाली विव्हळत होता आणि तू माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होतीस. दोन वाजताची गोळी होती, सव्वातीन झाले होते. मी तुझी बोटं बघितली, अंगुस्तान बघितलं, आणि दार लावलं. पूर्ण जोर लावून. अंगुस्तानामुळे ते एक बोट वाचलं. माझ्यामुळे नाही.

हे पाकीट मी तुझ्या दादाच्या कारखान्याच्या गेटवर नेऊन त्याच्या हातात देणार आहे, टपालाचा भरवसा नाही आणि १ तारीख जवळ आली. तो कुबडीनं मारेल. मारू दे. मी हात खिशात घालून उभा राहणार आहे.

आत घराची किल्ली आहे, माझी. दुसरी तुझ्याकडे आहेच, म्हणजे आता दोन्ही तुझ्याकडे. मी खाणीच्या मागच्या खोल्यांत राहायला गेलो. १ तारखेला तू घरी ये, तुझ्या मशीनकडे ये. मी तिथे नाही. डॉक्टरबाईकडे पुन्हा गेलो होतो. म्हटलं, “मागच्या वेळी खोटं बोललो, बायकोला माहीत नाही.” तिनं पेन खाली ठेवलं आणि यापुढे दर गुरुवारी रागासाठी एका माणसाकडे जायला सांगितलं. जातो. त्यानं काय होईल मला माहीत नाही, आणि झालं तरी त्याच्या बदल्यात तुझ्याकडे काही मागायचं नाही, हे मी स्वतःला बजावतो आहे. जमेल तितकं.

वही परत पाठवतोय. बत्तीस खड्डे होते आणि तुझ्या ओळी एकतीस. बत्तिसावी तू लिहिली नव्हतीस, लिहायला हात कुठे होता. ती मी माझ्या अक्षरात लिहिली. ‘१ जून. नाही. दोन बोटं.’ ‘माझी चूक’ या रकान्यात काय लिहू म्हणून फार वेळ बसलो. तो रकाना तुझा. मोकळा ठेवला.

तुझ्या ओळींना मी हात लावला नाही. पण त्यात मीठ नऊदा आलंय. कमी, जास्त, पुन्हा कमी. तू किती वेळा बदलून बघितलंस! भूक नाही म्हटलं असतं तर तू शंभर प्रश्न विचारले असतेस, म्हणून मी खोट काढायचो. ताटाला बोट लावायचं, तोंडापर्यंत न्यायचं, तोंड वाकडं करायचं. तू पदर मुठीत धरून माझ्या तोंडाकडे बघत असायचीस. ते बोट जिभेला कधी लागलंच नाही. मागच्या पत्रातही मी तुला मीठ सांभाळायला सांगितलं. नऊच्या नऊ वेळा मी ते चाखलंसुद्धा नव्हतं.